जाळ्याखालची कोथिंबीर

"पावसात कोथिंबीर अशीच येते, बाबा," असं सूनबाई म्हणाली आणि जुडी ओट्यावर टाकली. निम्मी काळी, निम्मा चिखल. देठांना हात लावला तर बुळबुळीत. तिचा काय दोष? ऑफिसातून दमून येताना वाटेत जे मिळालं ते घेऊन आली. पण मला ते 'अशीच येते' लागलं. दुपारभर डोक्यातून गेलं नाही. अशीच येते म्हणजे काय? कोणी ठरवलं? पाऊस लागला म्हणून कोथिंबिरीने सडायचं, साहेब बोलला म्हणून माणसाने जागेवरून उठायचं, आणि बाकीच्यांनी मान हलवून म्हणायचं, असंच असतं.

मी भर श्रावणात कोरडी, उभी, हिरवीगार कोथिंबीर पाहिलेली आहे. पाहिलेली कसली, केलेली आहे. तीही गावी नाही. इथे अंधेरीत, मरोळच्या बाजूला, कारखान्याच्या बॉयलरच्या मागे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. नक्की साल सांगत नाही, कारण मी सालं लक्षात ठेवत नाही, वास लक्षात ठेवतो. त्या आषाढाला तीन वास होते. लेथवरच्या तेलाचा, ओल्या गोणपाटाचा आणि बॉयलरच्या राखेवर पाणी पडलं की उठतो तो. आजही कुठे निखाऱ्यावर पाणी पडलं की माझे पाय आपोआप त्या वाफ्याकडे वळतात. वाफा आता नाही. पाय ऐकत नाहीत.

कंपाउंडची भिंत आणि नाला यांच्यामध्ये एक पट्टा रिकामा होता. कोण्या जुन्या मॅनेजरने कामगारांना तिथे भाजी लावायची परवानगी दिली होती. बारा वाफे होते. एकेक तीन पावलं रुंद आणि नऊ पावलं लांब. प्रत्येकाच्या डोक्याशी पत्र्याची पाटी आणि पाटीवर ठोकलेला कामगाराचा तिकीट नंबर. माझा चारशे सतरा. थंडीत आम्ही तिथे मुळा, माठ, वांगी काढायचो. पावसाळ्यात कोणी फिरकायचं नाही. नाल्याचं पाणी जमिनीत मुरायचं, काहीही लावा, मुळं कुजायची. मग टाकळा माजायचा.

तीन पावलांच्या जमिनीचं एवढं काय, असं आमच्या चाळीतले लोक विचारायचे. आमच्या मंडळींनीही विचारलं. त्यांना काय सांगणार? गावची जमीन वडिलांमागे भावांकडे राहिली. मी पंधराव्या वर्षी मुंबईला आलो तो आलोच. शाळा चौथीत सुटली. चाळीतली खोली भाड्याची, मशीन कंपनीचं, गावच्या घरात गेलो तरी पाहुण्यासारखी चटई. सबंध जगात माझा नंबर ठोकलेली जमीन तेवढी एकच होती. संध्याकाळी पाळी सुटली की मी त्या पाटीजवळ पाच मिनिटं उभा राहायचो. करायचो काही नाही. नुसता उभा.

आणि जून महिन्यात कॅन्टीनबाहेर नोटीस लागली. वाफे पावसाळ्यात ओसाड पडतात, डास होतात, साप निघतात. सबब पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर पाहणी होईल. ज्या वाफ्यात उभं पीक नसेल तो कंपनी परत घेईल आणि तिथे स्कूटर स्टँड बांधेल.

स्कूटर! आमच्यात स्कूटर होती कोणाकडे? नंबर लावून बसलेले दोन-चार होते, त्यांचाही नंबर आला नव्हता.

वेलफेअरचे साहेब स्वतः कॅन्टीनमध्ये समजावायला आले. माणूस वाईट नव्हता. इस्त्रीचा होता, एवढंच. पॅकिंगमधला गोपाळ, ज्याचा वाफा माझ्या शेजारचा, तो म्हणाला, "साहेब, पंधरा ऑगस्टला पीक कसलं मागता? पावसात तिथे काय उभं राहतं?"

"तेच तर म्हणतोय मी," साहेब हसले. "मग जागा अडवून काय उपयोग?"

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माझं उभं राहील."

"काय लावणार, सखाराम?"

आता इथे मी पडवळ म्हटलं असतं, भेंडी म्हटलं असतं, तरी चाललं असतं. पाऊस सोसणारी भाजी ती, उंच वाफा केला तर निभावली असती. पण राग आला की माझी जीभ सोपं काही बोलत नाही. म्हणालो, "कोथिंबीर."

सगळं कॅन्टीन हसलं. चहावाला पोरगासुद्धा. पावसाचे चार थेंब जोरात पडले तर आडवी होणारी जात ती.

"तुमच्या टेबलावर जुडी आणून ठेवतो, साहेब," असं म्हणून मी चहा अर्धा टाकून उठलो. तो चहा टाकल्याचं मला आजही वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

पाण्याचा प्रश्न राखेने सुटला. बॉयलरवर मोतीराम होता, वर्सोव्याचा कोळी, माझ्याच वयाचा. त्याने जळक्या कोळशाची खडी आणि राख घमेल्या-घमेल्याने दिली. ती टाकून वाफा गुडघाभर उंच केला. वरून येणाऱ्या पाण्याचं उत्तर स्टोअरमध्ये सापडलं. बाहेरून एक नवीन मशीन आलं होतं, खोक्यात, वर जाड पारदर्शक प्लॅस्टिक गुंडाळलेलं. खोकं दोन दिवस पावसात उभं होतं आणि आत मशीन कोरडं ठणठणीत. मी म्हटलं, यंत्राला एवढा मान, तर कोथिंबिरीने काय घोडं मारलंय? स्टोअरकीपरकडे चिठ्ठी दिली आणि फेकायचं प्लॅस्टिक मागून घेतलं. पण त्याचे झाले होते तीन तुकडे.

ते आमच्या मंडळींनी जोडले. इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री आणली, खोलीतली भांडीकुंडी बाहेर काढून प्लॅस्टिक जमिनीवर पसरलं. दोन कडा एकावर एक, वर वर्तमानपत्राचा कागद, त्यावरून इस्त्री. कागद नसला तर प्लॅस्टिक इस्त्रीला चिकटतं. जोर जास्त झाला तर भोक पडतं, कमी झाला तर जोड सुटतो. मी दोनदा करायला गेलो, दोनदा भोक पाडलं. "सरा तिकडे, तुमका जमूचा नाय," असं म्हणून तिने पदर खोचला आणि खाली बसली. तिच्या हाताने एकही जोड शेवटपर्यंत सुटला नाही. मात्र कागदावरची शाई प्लॅस्टिकवर उतरली. पुढे वाफ्यात खुरपायला वाकलो की डोक्यावर कुठल्याशा सभेची बातमी उलट्या अक्षरांत दिसायची. मी मुळात सावकाश वाचणारा. उलटं तर त्याहून सावकाश. पण अख्खी वाचली.

बांबूच्या कांबी टाकीत भिजवून वाकवल्या, टोकं हातभर जमिनीत गाडली. पावलागणिक एक. वर प्लॅस्टिक. झाला बोगदा. बांधायचा कशाने, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे पावसाआधी घराच्या पडवीला झापं बांधतात, माडाच्या पात्यांची, काथ्याच्या सुंभाने. लहानपणापासून माझ्या हाताला ती सवय. सुंभ भिजला की आखडतो, आणि जेवढा भिजेल तेवढी झापं घट्ट बसतात. गावाहून आणलेलं वेटोळं खोलीत होतंच. खिळा तापवून प्लॅस्टिकच्या कडेला भोकं पाडली, त्यातून सुंभ ओवला, खुंट्यांना आवळला. छाती काढून उभा राहिलो.

"काय सखाराम, मंडप तर झकास घातलास," गोपाळ भिंतीवर बसून म्हणाला. "कोथिंबिरीचं लग्न कधी?"

"आमंत्रण येईल तुला. आहेर घेऊन ये."

धणे रगडून पेरले. आठ-दहा दिवसांत कोंब आले. त्यानंतर एक रविवार अख्खा पाऊस कोसळला. सोमवारी पहिल्या पाळीला आलो तर वाफा उघडा. प्लॅस्टिक उडून भिंतीवरच्या काटेरी तारेला अडकलेलं, फडफड फडफड करतंय, जसं काही मलाच हाक मारतंय. कोंब चिखलात झोपलेले.

"अरे, नवरी पळाली रे!" गोपाळ गेटपासून ओरडत आला.

मी खाली बसून बघितलं. प्रत्येक भोकापासून कडेपर्यंत सुरीने कापावी तशी चीर होती. आणि सुंभ? सुंभ जागच्या जागी, खुंटीला, लाकडासारखा कडक. त्याने आपलं काम चोख केलं होतं. भिजला तसा आखडला. झापं त्याच्याबरोबर दबतात, सरकतात, सांभाळून घेतात. प्लॅस्टिकला ते माहीत नाही. ते ताणलं की फाटतं. चूक सुंभाची नव्हती, प्लॅस्टिकची नव्हती. गावातली गाठ मी इथे जशीच्या तशी आणून मारली, ती माझी चूक. हे आज लिहितोय. त्या दिवशी मी प्लॅस्टिकला शिव्या दिल्या.

घरी मंडळी म्हणाली, "सोडा आता. तीन पावलांसाठी कित्याक जीव टाकतास?"

"ती तीन पावलां माझी आसत," मी म्हणालो आणि ताट सारून उठलो.

सकाळी जाग आली ती घासल्याच्या आवाजाने. ती दारात बसून जमिनीवर पसरलेल्या धण्यांवरून माझी वहाण फिरवत होती. धणा असा दोन फाकांत फोडला तरच उगवतो नीट. माझ्याकडे न बघता म्हणाली, "इस्त्री परत आणा. चिरी भरूक व्हयत."

अशा बाईसमोर माघार घेऊन माणूस जाणार कुठे?

मोतीरामने बोगदा उडालेला बॉयलरच्या दारातून पाहिला होता. तो हसला नाही. "रविवारी वर्सोव्याला ये," एवढंच म्हणाला. गेलो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, शाकारलेल्या. पावसाळ्याचे दिवस, दर्या बंद. माणसं पडव्यांत बसून जाळी विणत होती. बोंबलाचा वास भिंतींत मुरलेला. मोतीरामने माळ्यावरून एक जुनं जाळं खाली ओढलं. जागोजाग फाटलेलं, पण कडेला शिशाचे मणी शाबूत.

"सख्या, तू त्याला भोकं पाडलीस ना, तिथंच मेलास," तो म्हणाला. "आम्ही मासळी धरतो ती भोक पाडून नाय. सगळ्या अंगानं धरतो. मग ती कितीबी उसळू दे. जोर सगळीकडे वाटला जातो. हे प्लॅस्टिकवर टाक."

"आणि कडा?"

"कडा मातीत पूर. बांधूच नको. आणि ऐक, बोगद्याची दोन्ही तोंडं उघडी ठेव. वारा इकडून येईल, तिकडून जाईल."

"पाऊस येईल ना आत."

"थोडा येईल. येऊ दे. वाऱ्याला वाट नाय दिली तर तो स्वतः करतो."

मला हे पटलं नाही. दार उघडं ठेवून घर कसलं राखायचं? पण जाळं त्याचं होतं, म्हणून मान हलवली.

परतताना बसमध्ये कंडक्टर नाक धरून म्हणाला, "ओ काका, काय मेलंय त्या पोत्यात?"

"काही मेलं नाही. मेलेलं उठवायला चाललोय. एक मरोळ द्या."

कडेने हातभर खोल चर खणला, प्लॅस्टिकच्या कडा त्यात सोडल्या, वर राख-माती दाबली. त्यावरून जाळं. शिशाचे मणी दोन्ही बाजूंना लोंबायला लागले. पुन्हा पेरलं त्या दिवशी पंधरा ऑगस्टला एकतीस दिवस होते. कोथिंबिरीला साधारण तेवढेच लागतात. एक दिवस इकडे-तिकडे करायला जागा नव्हती. तोवर बाकीचे अकरा वाफे टाकळ्याने भरले. गोपाळसुद्धा म्हणाला, "सोड रे. स्कूटर स्टँड झाला तर निदान सावली तरी मिळेल."

रोज सकाळी पाळीआधी मी पोटावर झोपून आत बघायचो. बाहेर धो-धो पाऊस, डोक्यावर त्याचा ताशा, आणि आत एवढीएवढीशी पानं, हलतसुद्धा नाहीत. आत गरम, मातकट, हिरवा श्वास. त्या वेळी मला कोणी विचारलं असतं की सुखी आहेस का, तर मी हाकलून दिलं असतं, बोगद्यातली हवा जाईल म्हणून.

श्रावणातल्या एका दिवशी वारा उठला. दुपारची वेळ, पण बाहेर काळोखी आलेली. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा चालत होता. सकाळीच मला संशय आला होता, म्हणून मी पश्चिमेकडचं तोंड गोणपाट लावून बंद केलं होतं. मोतीरामला न सांगता. आणि बांधलं कशाने? सुंभाने. हाताची सवय.

माझा लेथ खिडकीजवळ होता. तिथून वाफा दिसायचा. बघतोय तर बोगदा फुगतोय. वारा फिरला होता, दुसऱ्या तोंडाने शिरत होता आणि गोणपाटाशी अडून परत वर उचलत होता. जाळ्याखाली एखादा मोठा मासा धडपडावा तसं ते प्लॅस्टिक उसळायला लागलं. जाळं धरून होतं. पण चरातली माती एका कडेने फाटताना मला तिथून दिसली.

मी मशीन बंद केलं.

"सखाराम, कुठे?" फोरमन मागून आला.

"येतो पाच मिनिटांत."

"काम टाकून गेलास तर मेमो देईन."

"द्या. सही करता येते मला."

चिखलातून पळालो. गोणपाटाची गाठ सुटेना. भिजून दगड झालेली. बोटं सोलली, दातांनी ओढली, नाही म्हणजे नाही. तेवढ्यात बॉयलरवरून मोतीराम धावत आला, फाटणाऱ्या कडेवर आडवा पडला आणि दोन्ही हातांनी जाळं छातीशी ओढून धरलं. माझ्या खिशात हॅकसॉच्या पात्याचा तुकडा होता. त्या पात्याने सुंभ कापायला लागलो. माझ्या गावचा सुंभ. एकेक धागा तुटला. गोणपाट उडून नाल्यात गेलं.

आणि वारा आरपार गेला. असा आवाज झाला, जसा डोक्यावरचं ओझं उतरवताना माणूस करतो. बोगदा हळूच खाली बसला. कांबीवर टेकला. आत कोथिंबीर थरथरली आणि उभी राहिली.

आम्ही दोघं चिखलात बसून राहिलो. मोतीरामच्या तोंडावर राखेचे ओघळ.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मग बोल ना एकदा. मोत्या, तुझं बरोबर होतं."

"कोथिंबीर निघाल्यावर बोलेन."

"साला, मरशील पण बोलणार नाय."

मेमो मिळाला. सही केली. अक्षर मुद्दाम सुवाच्य काढलं.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं आणि साहेब छत्री धरून वाफ्यांवर आले. मागे पन्नास-साठ माणसं. अकरा वाफे टाकळा, बारावा बोगदा. साहेबांनी वाकून आत बघितलं. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा चष्म्यावर वाफ धरलेली. मी जुडी उपटली, वीतभर उंच, मुळांना जरा राख. टेबल तिथे नव्हतं म्हणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नाकाशी नेली. कोणी हसलं नाही.

"कमाल आहे," ते म्हणाले. मग पट्ट्यावरून नजर फिरवली. "पण सखाराम, एकटा वाफा मध्ये ठेवून स्टँड कसा बांधायचा? तूच सांग. समजून घे जरा."

हे 'समजून घे' मला चांगलं ओळखीचं होतं. माझ्या भावांनीही मला तेच सांगितलं होतं. त्या वेळी मी समजून घेतलं होतं.

"तो तुमचा प्रश्न, साहेब," मी म्हणालो. "नोटिशीत लिहिलं तसं मी केलं. आता नोटिशीत लिहिलं तसं तुम्ही करा."

मग मागून आवाज आला, "साहेब, नोटीस तशीच आहे. मी स्वतः वाचलीय." गोपाळ होता तो. नवरी पळाली म्हणणारा.

स्टँड झाला. दिवाळीनंतर पत्रे चढले, खाली सिमेंट आलं. आणि त्या सरळ पत्र्याच्या ओळीत मधोमध एक खाच राहिली, तीन पावलं रुंद, नऊ पावलं लांब. साहेब लोक स्कूटर वळवून माझ्या वाफ्याला फेरी घालून जायचे. मी निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात तिथे बोगदा उभा राहिला, दोन्ही तोंडं उघडी ठेवून. मी गेल्यावर त्यांनी खाच भरून टाकली. एकदा पेन्शनच्या कागदांसाठी गेलो तेव्हा बघितलं. वर नवा पत्रा, खाली नवं सिमेंट. पण जुन्याशी रंग जुळला नव्हता. वेगळा चौकोन स्पष्ट दिसत होता. वॉचमनने विचारलं, "काय बघताय, आजोबा?" मी म्हटलं, "माझी जमीन."

पाटी मी निवृत्तीच्या दिवशीच उचकटून आणली होती. ती आहे माझ्याकडे.

मोतीरामला ते वाक्य मी कधी बोललो नाही. जुडी दिली, दर श्रावणात पहिली त्यालाच. तो वास घ्यायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, वाट बघायचा आणि हसायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. वर्सोव्याला गेलो होतो. तिथेही तोंडातून शब्द फुटला नाही.

काल मी सूनबाईला नव्या कपाटावरचं प्लॅस्टिक टाकू दिलं नाही. बाल्कनीत लांब कुंडी आहे, तिच्यावर कांबी वाकवल्या, प्लॅस्टिक पसरलं, वर भाजीच्या पिशवीची जाळी उसवून ओढली. कुंडीला पाटी अडकवली. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी येऊन गेले, बाहेरून बरं दिसत नाही म्हणे. मी त्यांना पंधरा ऑगस्टला पाहणीला बोलावलंय.

सूनबाई मदतीला आली होती. हुशार आहे, हात चालतो तिचा. बोगद्याचं एक टोक चिमट्यांनी बंद करायला लागली.

"ते उघडं राहू दे," मी म्हणालो. "दोन्ही उघडी ठेव."

"पाऊस आत येईल ना, बाबा. असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मोत्याने," मी म्हणालो. "आणि त्याचं बरोबर होतं."